इन्व्हर्टरमधील स्विचचे बिघाड (सौर व पवन ऊर्जा)

सौर पॅनेल किंवा पवनचक्कीची वीज ग्रिडला जोडताना इन्व्हर्टरमधील (डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्रातील) अर्धसंवाहक स्विच दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. प्रत्येक फेजला वरचा आणि खालचा अशी त्यांची जोडी असते. मोठ्या प्रकल्पांत हे स्विच बहुधा आयजीबीटी (मोठा दाब व प्रवाह पेलणारे ट्रान्झिस्टर) असतात. सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट (दुसऱ्या प्रकारचे ट्रान्झिस्टर) यांचा वापरही आता वाढत आहे. बिघडलेला स्विच शॉर्ट तरी होतो (कायम चालू राहतो), नाहीतर ओपन (कायम बंद).

एक स्विच शॉर्ट झाल्यास डीसी बाजूच्या कपॅसिटरमधली ऊर्जा थेट त्याच्या जोडीच्या स्विचमधून धावते. आयजीबीटी हा मारा साधारण १० मायक्रोसेकंद सोसतो, सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट जेमतेम २ ते ३. त्यामुळे बचावाचे काम गेट ड्रायव्हरलाच (स्विचच्या गेट या नियंत्रण टोकाला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या सर्किटलाच) करावे लागते. चालू आयजीबीटीवर एरवी दोन-तीन व्होल्ट असतात. शॉर्टमध्ये हा दाब (व्होल्टेज) एकदम चढतो, आणि ते दिसताच ड्रायव्हर गेट सावकाश उतरवतो. प्रवाह झटक्यात तोडला, तर जोडण्यांच्या प्रेरकत्वामुळे उसळणारा दाबच स्विच निकामी करतो.

ओपन बिघाड गाजावाजा करत नाही, म्हणूनच तो अधिक काळजीचा. ऊन-सावली आणि दिवस-रात्रीच्या तापण्या-निवण्याने चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या तारा सुटतात किंवा ड्रायव्हर इशारा देणे थांबवतो. इन्व्हर्टर चालूच राहतो, पण त्या फेजची अर्धी लाट नाहीशी होते. प्रवाहात डीसी अंश मिसळतो, ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होऊ लागतो आणि उरलेल्या स्विचवर ताण येतो.

तो ओळखायला फेजच्या प्रवाहाची एका आवर्तनातली सरासरी काढून तिला निरपेक्ष मूल्याच्या सरासरीने भागतात. निरोगी स्थितीत उत्तर शून्याजवळ राहते. वरचा स्विच गेला तर ते ऋण होते, खालचा गेला तर धन. भागाकारामुळे ऊन कमी-जास्त झाल्याने फसगत होत नाही, मात्र पहाटेच्या अगदी क्षीण प्रवाहात खोटा इशारा येऊ शकतो. शिवाय ५० हर्ट्झला एक आवर्तन म्हणजे २० मिलिसेकंद, आणि बिघाड कळायला साधारण तेवढा वेळ लागतो. प्रत्यक्ष दाब स्विचला दिलेल्या आज्ञेशी ताडून पाहणारी पद्धत याहून जलद, पण तिला जादा संवेदक लागतात.

बिघाडानंतर यंत्र चालू ठेवणे खरे कठीण. इन्व्हर्टरवर मोटर असेल, तर ती कमी दाबावर हळू चालवता येते. ग्रिडचा दाब मात्र ठरलेला. बिघडलेला फेज कपॅसिटरच्या मध्यबिंदूला जोडून उरलेल्या दोन फेजांच्या चार स्विचवर काम भागवता येते, पण मिळणारा दाब निम्मा होतो. टी-प्रकारच्या त्रिस्तरीय इन्व्हर्टरमध्ये (यात फेजला मध्यबिंदूशी जोडणारा मधला स्विचही असतो) हा मधला स्विच ओपन झाला, तर तो फेज फक्त वरच्या-खालच्या स्विचवर, म्हणजे द्विस्तरीय पद्धतीने पूर्ण दाबावर चालतो, फक्त हार्मोनिक (लाटेतील अनावश्यक जादा वारंवारता) वाढतात. समुद्रातल्या पवन प्रकल्पांची वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या मॉड्युलर बहुस्तरीय कन्व्हर्टरमध्ये (अनेक छोट्या एकसारख्या मॉड्यूलांच्या साखळीने बनलेल्या यंत्रात) जादा मॉड्यूल आधीच बसवलेले असतात. बिघडलेले मॉड्यूल बायपास होते आणि पुढच्या नियोजित देखभालीत बदलले जाते.