म्हाताऱ्या सशाचं, गिनीपिगचं ऑपरेशन करायचं का? तारीख घेण्याआधी वाचा

‘आता वय झालंय हो त्याचं, भूल सोसेल का?’ असं विचारणारे फोन आम्हाला सतत येतात. जनावर तपासल्याशिवाय आम्ही याचं उत्तर देत नाही. काहींना तो आखडूपणा वाटतो, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

हॅमस्टर आणि पाळीव उंदीर (रॅट) साधारण दोन ते तीन वर्षं जगतात, गिनीपिग पाच ते सात, ससा आठ-दहा. म्हणजे दोन वर्षांचा उंदीर म्हातारा, तर पाच वर्षांचा ससा अजून मध्यमवयातला. पण नुसत्या वयावर आम्ही ऑपरेशन नाकारत नाही आणि पत्करतही नाही. आम्ही बघतो ते खाणं आणि वजन. ब्रिटनमधल्या दवाखान्यांची एक मोठी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण धडधाकट सशांमध्ये ०.७३ टक्के निघालं, आजारी सशांमध्ये ७.३७. दहापट फरक, आणि तो तब्येतीचा. गिनीपिगांमध्ये एकूण प्रमाण ३.८० टक्के होतं, कुत्र्यांमध्ये जेमतेम ०.१७. धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. एक किलोच्या गिनीपिगचे शंभर ग्रॅम उतरले, तर दहावा हिस्सा गेला. केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. वही असेल तर बऱ्याचदा पहिल्याच भेटीत काय ते ठरतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यापायी आमच्या ठरलेल्या तारखा वाया जातात. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लोक पिंजरा टेबलावर ठेवतात आणि समाधानाने सांगतात, ‘रात्रीपासून काही दिलेलं नाही, डॉक्टर.’ कधी पाण्याची बाटलीसुद्धा काढलेली असते. मग त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द.

उपाशी ठेवायचा नियम कुत्र्या-मांजरांचा. भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून त्यांचं पोट रिकामं ठेवतात. ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर यांना उलटी करताच येत नाही. उलट सशाचं आणि गिनीपिगचं आतडं सतत काहीतरी आत येत राहिलं तरच चालतं. रात्रभर उपास घडला की ते मंदावतं, पोटात गॅस धरतो, लेंड्या बारीक होतात किंवा बंदच पडतात, आणि जाडजूड सशाच्या यकृतावर चरबी चढायला लागते. हॅमस्टर-उंदरांची रक्तातली साखर उतरते. अशा जनावराला भूल देणं म्हणजे धोका आपल्या हाताने वाढवणं. मग चारा-पाणी देऊन, लेंड्या पडताहेत हे पाहून घरी पाठवायचं आणि नवी तारीख शोधायची. तुमची रजा फुकट आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाला घेता आलं असतं तेही राहून जातं.

तेव्हा घरून निघेपर्यंत नेहमीचं गवत आणि पाणी समोर असू द्या. येताना त्याच गवताची पिशवी आणि आवडती भाजी घेऊन या. शुद्धीवर आल्यावर ओळखीच्या वासाचं खाणं लवकर तोंडात घेतात. गिनीपिगच्या गालात चारा साठतो, तो भूल देण्याआधी आम्ही धुऊन काढतो. त्यासाठी जो थोडा वेळ खाणं थांबवावं लागतं, ते आमच्याकडे, आमच्या देखरेखीखाली. पक्ष्यांचा हिशोब वेगळा आहे, तो विचारून घ्या.

ऑपरेशन खरंच हवं का, हे आजारावर ठरतं. मादी उंदराच्या अंगावरची गाठ बहुतेक वेळा स्तनग्रंथीची आणि साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली असते, पण वाढत राहते. लहान असताना ती काढणं सोपं. लिंबाएवढी झाल्यावर रक्तस्राव जास्त, टाके जास्त. ‘बघू अजून थोडे दिवस’ म्हणण्यात नेमका हाच काळ जातो. गिनीपिगच्या मादीचे दोन्ही कुशींवरचे केस गेले तर बीजकोशात पाण्याच्या गाठी असण्याचा संभव असतो. ती थकलेली असेल तर संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन किंवा पाणी काढून वेळ मिळवता येतो. नसबंदी न झालेल्या सशाच्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग वयाबरोबर पुष्कळ दिसतो. तिथे आम्ही आधी छातीचा एक्स-रे मागतो. बिल वाढवायला नाही. फुफ्फुसात पसरलेलं असेल तर पोट फाडण्यात हशील नाही, आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. तेव्हा वेदनाशामक औषधं देऊन उरलेले दिवस सुखाचे करणं हाही उपचारच आहे, आणि तोही आमच्याकडे नीट होतो.

एक गोष्ट मात्र तुम्हीच ठरवायची. त्याच पाहणीत दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशननंतर गेले होते. पहिले दोन-तीन दिवस दर तीन-चार तासांनी सिरिंजने पातळ चारा भरवणं, वेळेवर वेदनाशामक देणं, लेंड्या मोजणं, ऊब देणं. हे करायला घरात कोण आहे? सिरिंज गालाच्या बाजूने कशी घालायची ते आम्ही आधीच्या भेटीत शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी कुणीच नसेल तर जनावर खायला लागेपर्यंत आमच्याकडे ठेवा, फक्त तारीख घेतानाच सांगा. घरातली उरलेली अँटिबायोटिक मात्र मनाने देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या आणि सशाच्या जिवावर बेततं.

गिनीपिग किंवा ससा लघवीला बसून नुसता कुंथत असेल, सशाच्या मादीच्या लघवीच्या जागेतून रक्त येत असेल, किंवा बारा तासांत खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर तारीख-वही काही नको. निघताना फोन करा आणि सरळ घेऊन या.