येऊर आणि खाडी: राष्ट्रीय उद्यान कुठलं, अभयारण्य कुठलं?

ठाणेकरांना दोन्ही हाताशी आहेत. पश्चिमेला येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आपल्याकडचा भाग. पूर्वेला खाडी, तिथे २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. तरी बोलताना सर्रास गल्लत होते. ‘राष्ट्रीय उद्यान केंद्राचं, अभयारण्य राज्याचं’ हे तर कितीदा कानावर पडतं. तसं नाही. दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलीच, आणि सहसा राज्य सरकारच ती जाहीर करतं.

फरक आहे तो माणसांच्या हक्कांचा. राष्ट्रीय उद्यान जाहीर करायचं तर आधी तिथल्या जमिनीवरच्या हक्कांचा निकाल लावून ते सरकारकडे यावे लागतात. गुरं चारायला सरळ बंदी. अभयारण्यात मात्र जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून काही हक्क चालू ठेवू शकतात. म्हणून ओहोटीला खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून निवट्या शोधणारा कोळी आणि पलीकडे माना खाली घालून चरणारे फ्लेमिंगो एकाच नजरेत दिसतात. मला ते दृश्य फार मोलाचं वाटतं. पाड्यांवरच्या आदिवासींचं म्हणाल, तर २००६चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानातही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आता जमिनीचं. ‘अभयारण्यच आहे ना, मग चालतंय’ असं कुणी म्हणालं की माझा जीव तुटतो. दोन्हीकडे कुलूप सारखंच आहे. हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. अधिवासाची नासधूस करायला मनाई, आणि खाडीचं पाणी वळवायला किंवा अडवायलाही. खाडीतला १,६९० हेक्टरचा कांदळवन आणि पाण्याचा पट्टा त्यामुळे येऊरच्या झाडांइतकाच राखीव आहे.

तिसरा शब्द इको सेन्सिटिव्ह झोन. तो उद्यानाच्या हद्दीबाहेरचा पट्टा. संजय गांधी उद्यानाभोवतीचा २०१६ साली, १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली जाहीर झाला. तिथे खासगी जमीन खासगीच राहते, फक्त बांधकामावर आणि उद्योगांवर बंधनं येतात. येऊरच्या वाटेवरल्या एखाद्या बांधकामाचा वाद निघाला, तर जागा उद्यानात की या पट्ट्यात, हे आधी नकाशावर पाहावं लागतं.