सिग्नलला पेट्रोल नेमकं कुठे जळतं?

सिग्नलचा टायमर ९० दाखवतोय तरी आजूबाजूच्या बहुतेक गाड्या चालूच असतात आणि कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, बंद करून परत चालू करायला जास्त पेट्रोल लागतं. कार्ब्युरेटरच्या काळात, चोक ओढून किका मारायच्या तेव्हा यात थोडं तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा, गरम इंजिनाला परत चालू व्हायला जेवढं पेट्रोल लागतं तेवढं साधारण १० सेकंद नुसतं उभं राहण्यातच जळून जातं. छोटी पेट्रोल कार उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर खाते, म्हणजे मिनिटाला १० मिलीच्या आसपास, एसी लावला तर अजून जास्त. आणि लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलचं स्वतःचं वजन पाऊण किलो, मग एवढा गॅस आला कुठून? पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, वजन त्याचं.

दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' मोहीम सुरू झाली ती याचसाठी. चांगलीच मोहीम आहे, पण माझ्या मते ती अर्धीच गोष्ट सांगते, कारण मोठा खर्च उभं राहण्यात नाही, थांबून परत स्पीड घेण्यात आहे.

हिशोब करून बघा. १२०० किलोची कार ताशी ५० ने चाललीय, तिच्यात साधारण ११५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते पण चाकापर्यंत पोचते जेमतेम पाव, म्हणजे तो स्पीड परत मिळवायला १४-१५ मिली पेट्रोल लागतं. मिनिटभर उभं राहण्यापेक्षा जास्त! त्यात हिरवा लागल्या लागल्या जोरात रेस दिली तर काही इंजिनांना हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतं, ते नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि तो धूर चौकात दिवसभर उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराच्या छातीत जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून लांबून लाल दिसला की ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. बरेच जण इथे न्यूट्रल करतात, तो गैरसमज आहे, कारण गिअरमध्ये असताना चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. चालत्या गाडीचं इंजिन मात्र कधीच बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं.

स्कूटर हलकी, तिचा हिशोब छोटा. पण प्रवाशांनी भरलेली १५ टनांची बस ताशी ४० वरून थांबली की परत तेवढा स्पीड घ्यायला अंदाजे ७० मिली डिझेल लागतं, दर लाल सिग्नलला. त्यामुळे सिग्नलचं टायमिंग एकमेकांशी जुळवताना आधी बसचा विचार व्हायला हवा, बस जवळ आली की हिरवा काही सेकंद लांबवता येतो, हे तंत्र जगातल्या बऱ्याच शहरांत वापरात आहे.