व्ही. पी. पासून ओटीपीपर्यंत

टपाल खात्याने २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले आणि सोबत ओटीपी घेऊन वस्तू ताब्यात देण्याची सोय आली. घरबसल्या साड्या, मसाले, पुस्तकं विकणाऱ्या मुंबईकराला यात रस असणं साहजिक आहे. माल खासगी कुरिअरने धाडावा की पोस्टाने, हा त्याचा रोजचा हिशेब. त्या हिशेबात सहसा एक गोष्ट राहून जाते. ऑनलाइन दुकानांनी नवीन म्हणून जे काही आपल्यापुढे मांडलं, त्यातलं बरंचसं पोस्टाने आधीच करून ठेवलेलं होतं.

कॅश ऑन डिलिव्हरीचंच घ्या. फ्लिपकार्टने ती २०१० मध्ये आणली, तेव्हा भारतीय ग्राहकाची नस सापडली म्हणून तिचं कोण कौतुक झालं. टपाल खात्यात ही पद्धत १८७७ पासून होती: व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही. पी. विक्रेता पार्सलवर वसुलीची रक्कम लिहून देई. पोस्टमन ती रक्कम गिऱ्हाइकाकडून मोजून घेई आणि मगच पार्सल हातात ठेवी. पैसे पुढे मनीऑर्डरने विक्रेत्याकडे येत. मनीऑर्डर सुरू झाली १८८० मध्ये. जुनं मराठी मासिक चाळलं की जाहिरातींच्या तळाशी 'टपालखर्च निराळा' किंवा 'व्ही. पी. ने मागवा' हे शब्द हमखास भेटतात, मग वर घड्याळ असो, केशतेल असो की शक्तिवर्धक औषध. गिरगावातला प्रकाशक आणि विदर्भातल्या खेड्यातला शिक्षक एकमेकांना ओळखत नसत, दोघांचं बँकेत खातं असेलच असंही नाही. मध्ये पोस्टमन उभा होता म्हणून व्यवहार होत असे.

भानगडीही तेव्हापासूनच्याच. व्ही. पी. चे पैसे आधी भरायचे आणि पार्सल मागाहून फोडायचं. आत मागवलेली वस्तू निघेल की दगड, हे नशिबावर. काही महाभाग तर कोणी न मागवलेला मालही व्ही. पी. ने पाठवून देत. घरात जो असेल तो पैसे भरून मोकळा. १८९८ च्या टपाल कायद्यात याची दखल आहे. खरोखर आलेल्या मागणीवरूनच माल पाठवतो आहोत, असं विक्रेत्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्यात होती. फसवणूक झाली तर वसूल केलेली रक्कम रोखून गिऱ्हाइकाला परत देण्याचे नियम करण्याची मुभाही होती. आज ज्याला आपण रिफंड पॉलिसी म्हणतो, तिचं हे सरकारी खापरपणजोबा रूप.

पार्सल बांधणं हे तेव्हा वेगळंच काम होतं. वस्तू मांजरपाटात गुंडाळायची, सुई-दोऱ्याने घट्ट टाके घालून शिवायची, कापडावर पत्ता लिहायचा. विमा उतरवायचा असेल तर शिवणीवर थोड्याथोड्या अंतराने वितळलेली लाख टाकून त्यावर मुद्रा उमटवायची. सगळ्या मुद्रा सारख्या हव्यात. म्हणजे वाटेत कुणी टाका उसवला तर लाख तडकणार, आणि नवी लाख लावली तरी तीच मुद्रा कुठून आणणार? बोरीबंदरच्या जीपीओबाहेर पार्सलं शिवून देणाऱ्यांचा हाच धंदा होता. (जीपीओची इमारत जॉन बेग यांची, १९१३ मध्ये पूर्ण झालेली. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. समोरून रोज जाणारे हजारो लोक मान वर करून तो बघत नाहीत, हे जाता जाता.) आज त्या शिवणीच्या जागी एकदाच चिकटणारी प्लास्टिकची पिशवी आली. काम तेच.

दुसरी उसनवारी पिनकोडची. कुठलंही ऑनलाइन दुकान आधी पिनकोड विचारतं आणि त्यावरून ठरवतं की माल येईल का, कधी येईल, रोख चालेल का. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आले आणि त्यांच्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल-तार मंडळातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, या सगळ्यावर आकडा हा त्यांचा तोडगा. मुंबईला आकड्यांची सवय आधीपासून होती. जुन्या पुस्तकांवर 'गिरगाव, मुंबई ४' किंवा 'दादर, मुंबई १४' असं छापलेलं दिसतं. त्याच आकड्यांच्या आधी ४०० लागलं आणि ४००००४, ४०००१४ तयार झाले. पहिला ४ पश्चिमेकडच्या विभागाचा, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा आणि मध्य प्रदेशही येतात. खासगी कंपन्यांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली, कुणाला एक पैसाही न देता.

पोस्टाच्या पार्सलवरचा ट्रॅकिंग नंबरही बघा. इंग्रजी दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, हा साचा जागतिक टपाल संघाचा. भारत त्यात १८७६ पासून आहे. नवव्या आकड्याचं काम आधीचे आठ बरोबर आहेत का हे तपासण्याचं, म्हणून एक आकडा चुकला की नंबर बहुतेक वेळा अवैध ठरतो.

मग एवढं सगळं हाताशी असताना पोस्ट मागे का पडलं? वेग हे नेहमीचं उत्तर, आणि ते अर्धंच खरं आहे. १८९८ च्या कायद्याने पत्रं वाहण्याचा मक्ता सरकारकडे ठेवला होता, पार्सलांचा नव्हे. मुंबईत हिऱ्यांच्या बाजारात आंगडिये जोखमीचा माल आधीपासून विश्वासावर नेत होतेच. १९८३ मध्ये याच शहरात ब्लू डार्ट सुरू झाली. कुरिअरवाले पत्राला पत्र न म्हणता डॉक्युमेंट म्हणत आणि कायदा तिकडे काणाडोळा करी. पोस्टाने १ ऑगस्ट १९८६ ला सात शहरांपासून स्पीड पोस्ट सुरू करून उत्तर दिलं, आणि वेगाच्या बाबतीत ते उत्तर वाईट नव्हतं. माझ्या मते फरक पडला तो काउंटरवर. कुरिअरचा मुलगा मशीद बंदरच्या तिसऱ्या माळ्यावर चढून माल उचलायचा आणि बिल महिन्याने द्यायचा. पोस्टात विक्रेत्यानेच गठ्ठा घेऊन रांगेत उभं राहायचं, तेही वेळ संपायच्या आत. शिवाय त्या कायद्याच्या सहाव्या कलमाने हरवणं, उशीर, मोडतोड यांच्या जबाबदारीतून सरकारला जवळजवळ मोकळं केलं होतं. धंदेवाल्याला उशीर एक वेळ चालतो, पण विचारायला कुणीतरी लागतं.

जकातीचा धागाही मुंबईपुरता महत्त्वाचा. ३० जून २०१७ पर्यंत महापालिका हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेत होती. दहिसर, मुलुंड, मानखुर्दचे नाके आणि तिथल्या ट्रकच्या रांगा पाहिलेली पिढी अजून आहे. भिवंडी हद्दीबाहेर, जागा स्वस्त, महामार्ग शेजारी, म्हणून गोदामं तिकडे वाढली. जीएसटी आल्यावर जकात गेली, गोदामं मात्र तिथेच राहिली आणि ऑनलाइनच्या लाटेत आणखी फुगली.

पोस्ट या लाटेत उशिरा उतरलं. २०१३ मध्ये एक्स्प्रेस पार्सल आणि बिझनेस पार्सल आलं, त्यात कॅश ऑन डिलिव्हरीची सोय होती. थोडक्यात, १८७७ ची व्ही. पी. नव्या नावाने. २०१५ मध्ये परळला ई-कॉमर्सच्या पार्सलांसाठी स्वतंत्र केंद्र झालं. विक्रेत्याचं जुनं दुखणं मात्र कायम आहे: परत आलेलं पार्सल. 'डोअर लॉक्ड', 'रिफ्यूज्ड', 'इन्सफिशियंट अ‍ॅड्रेस' हे पोस्टमनचे शेरे आता मोबाइलच्या पडद्यावर दिसतात, पण जाण्यायेण्याचा भुर्दंड व्ही. पी. च्या काळात ज्याच्या माथी होता त्याच्याच माथी आहे.

१८ जून २०२४ ला २०२३ चा नवा टपाल कायदा लागू झाला आणि पत्रांचा तो मक्ता कायद्यातूनच गेला. जबाबदारी मात्र नियमांत जेवढी लिहाल तेवढीच. मे २०२५ मध्ये खात्याने डिजिपिन आणलं. देशाचे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आणि प्रत्येकाला अक्षरं-आकडे मिळून दहा चिन्हांचा पत्ता. माळरानावरच्या घराला किंवा पाड्याला हे वरदान ठरेल. लालबागमध्ये त्याच चौकोनावर चाळीतल्या तळमजल्यापासून वरपर्यंतच्या खोल्या येतात आणि टॉवर असेल तर चाळीस मजले. तो पत्ता उंची सांगत नाही. त्यामुळे मुंबईत पार्सल पाठवताना माळा आणि खोली नंबर अजून हातानेच लिहावा लागतो.