कीवमधील दोन मैदाने: ऑलिम्पिस्की आणि डायनामो

युरोपीय फुटबॉलच्या बातम्या वाचणाऱ्याच्या मनात कीव शहरातील दोन मैदानांची गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे. एकाचे नाव ऑलिम्पिस्की राष्ट्रीय क्रीडा संकुल आणि दुसऱ्याचे व्हलेरी लोबानोव्स्की डायनामो स्टेडियम. दोन्ही युक्रेनच्या राजधानीत, एकमेकांपासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहेत. दोन्हींवर डायनामो कीव हाच संघ वेगवेगळ्या काळात घरचा संघ म्हणून खेळत आला आहे आणि सोव्हिएत काळातले जुने फोटो पुष्कळदा फक्त ‘कीव’ एवढ्याच ओळीसह छापले जातात. त्यामुळे डायनामो संघ म्हटला की तो डायनामो स्टेडियमवरच मोठा झाला असणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या संघाचे बहुतेक संस्मरणीय विजय दुसऱ्या मैदानावर मिळालेले आहेत, आणि ही गोष्ट लक्षात आली की या शहराचा फुटबॉलचा इतिहास नीट जागच्या जागी बसतो.

आधी आकार आणि जागा पाहू. ऑलिम्पिस्की हे सरकारी मालकीचे, सुमारे 70 हजार आसनांचे स्टेडियम चेरेपानोव्ह टेकडीच्या पायथ्याशी, वेलिका वासिल्किव्स्का या गजबजलेल्या रस्त्याजवळ उभे आहे. डायनामो स्टेडियमची क्षमता 17 हजारांच्याही आत आहे. द्नीप्रो नदीकडे उतरणाऱ्या टेकड्यांवरील झाडीत, युरोपीय चौकातून संसदेकडे चढत जाणाऱ्या ह्रुशेव्स्की रस्त्याच्या कडेला ते वसलेले आहे. मेट्रोने जाणाऱ्यास फरक आणखी सोपा वाटेल. मैदान नेझालेझ्नोस्ती, म्हणजे स्वातंत्र्य चौक, या स्थानकावर उतरून थोडे चालले की डायनामो स्टेडियम येते. त्याच निळ्या मार्गावर दोन स्थानके पुढे गेले की ऑलिम्पिस्का स्थानक लागते आणि बाहेर पडताच मोठे स्टेडियम समोर दिसते. दूरदर्शनवर सामना पाहताना एक खूण पुरते: प्रेक्षकांच्या डोक्यावर पांढरे छत आणि खेळपट्टीभोवती धावपट्टी असेल तर ते ऑलिम्पिस्की, सज्ज्यांच्या मागे थेट झाडांचे शेंडे दिसत असतील तर ते डायनामो.

वयाने ऑलिम्पिस्की दहा वर्षांनी मोठे आहे. 1923 साली ते ‘लाल स्टेडियम’ म्हणून उघडले तेव्हा त्याला त्रोत्स्कीचे नाव होते. डायनामो स्टेडियम 1933 साली वास्तुविशारद वासिल ओस्माक यांच्या आराखड्यानुसार बांधले गेले, आणि त्याला युक्रेनमधील गुप्त पोलिसांचे प्रमुख व्सेव्होलोद बालित्स्की यांचे नाव देण्यात आले. सत्तेतली माणसे बदलत गेली तशी दोन्ही मैदानांची नावेही बदलत गेली: त्रोत्स्की पक्षातून आणि देशातून हद्दपार झाले, बालित्स्की यांना 1937 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांची नावे फलकांवरून पुसली गेली. डायनामो ही सोव्हिएत संघातील पोलीस व सुरक्षा खात्याची क्रीडासंघटना होती. त्यामुळे तिच्या स्टेडियमला पोलीसप्रमुखाचे नाव असणे त्या व्यवस्थेत ओघानेच आले. मोठे स्टेडियम मात्र प्रजासत्ताकाचे, म्हणून पुढे बराच काळ ते ‘रिपब्लिकन स्टेडियम’ या नावाने ओळखले गेले.

मोठ्या स्टेडियमच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण प्रसंग एका न झालेल्या सामन्याचा आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्याची नव्याने बांधणी झाली आणि निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या नावाने ते पुन्हा खुले करण्यासाठी रविवार, 22 जून 1941 हा दिवस ठरला. त्या दिवशी डायनामो कीव आणि लाल सैन्याचा संघ यांच्यात सामना व्हायचा होता. तिकिटे विकली गेली होती. पण त्याच दिवशी पहाटे जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि कीववर बॉम्ब पडू लागले. सामना पुढे ढकलण्यात आला. तो खेळला गेला तीन वर्षांनी, 25 जून 1944 रोजी, शहर मुक्त झाल्यानंतर. 1941 ची तिकिटे ज्यांनी जपून ठेवली होती त्यांना त्याच तिकिटांवर आत सोडण्यात आले, असे कीवमध्ये सांगितले जाते. तीन वर्षांच्या त्या काळात शहराने काय भोगले हे पाहिले, तर जुने तिकीट हातात घेऊन रांगेत उभे राहिलेले प्रेक्षक किती थोडे उरले असतील याची कल्पना येते.

याच काळातील दुसऱ्या एका सामन्याने दोन मैदानांच्या गोंधळात तिसऱ्याची भर घातली आहे. जर्मन ताब्यातील कीवमध्ये 9 ऑगस्ट 1942 रोजी, एका पावाच्या कारखान्यात काम करणाऱ्या जुन्या डायनामो आणि लोकोमोटिव्ह खेळाडूंच्या ‘स्टार्ट’ या संघाने फ्लाकेल्फ या जर्मन संघाला 5-3 असे हरवले. पुढे हा ‘मृत्यूचा सामना’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे स्मारक, चार खेळाडूंचे उंच दगडी शिल्प, 1971 साली डायनामो स्टेडियमजवळ उभारले गेले, आणि तेव्हापासून सामनाही तिथेच झाला असे अनेकांना वाटते. तो त्या मैदानावर झाला नाही आणि रिपब्लिकन स्टेडियमवरही झाला नाही. तो झाला झेनित या छोट्या मैदानावर, जे आज स्टार्ट या नावाने ओळखले जाते. जिंकल्याबद्दल खेळाडूंना मैदानातच गोळ्या घातल्या, ही सोव्हिएत काळात रुजलेली कथाही खरी नाही. त्या सामन्यानंतर स्टार्टने आणखी एक सामना खेळला, मग खेळाडूंना पकडण्यात आले. एकाचा कोठडीत छळाने मृत्यू झाला, आणि गोलरक्षक मिकोला त्रुसेविच यांच्यासह तिघांना फेब्रुवारी 1943 मध्ये सिरेत्स छळछावणीत ठार करण्यात आले. या माणसांच्या मरणाला कल्पित नाट्याची जोड देण्याची गरज नव्हती. घडले तेच पुरेसे भीषण आहे, आणि ते जिथे घडले ती जागाही अचूक सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

आता त्या नावाकडे येऊ, ज्यामुळे आजची गल्लत सर्वाधिक होते. व्हलेरी लोबानोव्स्की यांनी 1973 च्या अखेरीपासून डायनामोचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि खेळाकडे गणिती शिस्तीने पाहण्याची पद्धत रुजवली. त्यांच्या संघाने 1975 आणि 1986 अशी दोनदा युरोपीय कप विनर्स कप स्पर्धा जिंकली. 1975 च्या शरद ऋतूत युरोपियन सुपर कपसाठी गाठ पडली ती फ्रान्झ बेकनबाउअरच्या बायर्न म्युनिकशी. म्युनिकमधील पहिला सामना डायनामोने 1-0 जिंकला होता. परतीचा सामना 6 ऑक्टोबरला कीवमध्ये झाला आणि ओलेग ब्लोखिन यांच्या दोन गोलांमुळे डायनामोने तोही 2-0 असा जिंकला. तिन्ही गोल ब्लोखिन यांचेच होते. हा सामना पाहायला एक लाखाच्या घरात लोक जमले होते, कारण तो रिपब्लिकन स्टेडियमवर होता. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे वरचा मजला चढवून क्षमता लाखावर नेण्यात आली होती. डायनामो स्टेडियममध्ये त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा मावला असता.

लोबानोव्स्की 1997 साली डायनामोकडे परतले, त्यानंतरच्या मोठ्या रात्रीही मोठ्या स्टेडियमवरच्याच. बार्सिलोनावरचा 3-0 विजय आणि एप्रिल 1999 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्नशी 3-3 बरोबरी, ज्यात तरुण आंद्री शेव्हचेन्कोने दोन गोल केले आणि 3-1 अशी आघाडी हातची निसटली, हे दोन्ही सामने ऑलिम्पिस्कीवर झाले. या नावाने ते 1996 पासून ओळखले जाऊ लागले होते, कारण 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील फुटबॉलचे काही सामने या मैदानावर खेळवले गेले होते. लहान स्टेडियमवर त्या वर्षांत देशांतर्गत लीगचे सामने होत असत.

मे 2002 मध्ये झापोरिझ्झिया शहरात मेतालुर्गविरुद्धचा सामना सुरू असतानाच लोबानोव्स्की यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि 13 मे रोजी, म्हणजे डायनामोच्या 75 व्या स्थापनादिनी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर क्लबच्या जुन्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. प्रवेशद्वाराजवळचा त्यांचा पुतळा पाहण्यासारखा आहे. हा पुतळा उभा नाही आणि हातही उंचावलेला नाही. लोबानोव्स्की प्रशिक्षकाच्या बाकावर बसलेले, किंचित पुढे झुकलेले आहेत. सामना चालू असताना बाकावर मागे-पुढे डोलत राहण्याची त्यांची सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शिल्पकाराने नेमके काय पकडले ते चटकन कळते. क्लबच्या माणसाचे नाव क्लबच्या घराला देणे योग्यच होते. मात्र त्यामुळे 1975 चे यश आज या झाडीतल्या मैदानाच्या खात्यावर लिहिले जाते, हेही खरे.

युरो 2012 साठी ऑलिम्पिस्कीचा कायापालट झाला. जर्मनीच्या जीएमपी या वास्तुविशारद संस्थेने जुना वरचा मजला न पाडता राखला. नवे पारदर्शक घुमटांचे छत त्या मजल्यावर टेकवलेले नाही. स्टेडियमच्या बाहेरून कडे करून उभ्या असलेल्या पोलादी खांबांवर आणि केबलींच्या जाळ्यावर ते तोललेले आहे. म्हणजे जुना सांगाडा आणि नवे छत शेजारी शेजारी उभे आहेत, एकाचा भार दुसऱ्यावर नाही. 11 नोव्हेंबर 2011 रोजी युक्रेन आणि जर्मनी यांच्यातील 3-3 बरोबरीने फुटबॉल तिथे परतला. पुढच्या जूनमध्ये शेव्हचेन्कोने डोक्याने केलेल्या दोन गोलांनी स्वीडनचा पराभव झाला, आणि 1 जुलै रोजी स्पेनने अंतिम सामन्यात इटलीला 4-0 हरवले. 2018 चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही याच ठिकाणी झाला. रेआल माद्रिदच्या गॅरेथ बेलने बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर काही मिनिटांतच पाठमोरे हवेत झेपावत लिव्हरपूलविरुद्ध केलेला गोल, ही त्या रात्रीची ठेव. त्या सामन्याला 61 हजारांवर प्रेक्षक होते. आसने 70 हजार असताना आकडा कमी दिसतो, कारण युरोपीय स्पर्धांत पत्रकार, कॅमेरे आणि सुरक्षेसाठी बऱ्याच जागा काढून घ्याव्या लागतात. क्षमता आणि उपस्थिती हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेही टाळायला हवे.

लहान स्टेडियम मात्र जगाच्या नजरेत आले ते फुटबॉलमुळे नव्हे. जानेवारी 2014 मध्ये स्वातंत्र्य चौकातील आंदोलन ह्रुशेव्स्की रस्त्यावर सरकले आणि आंदोलक व पोलीस यांच्यातील चकमकी डायनामो स्टेडियमच्या खांबांच्या प्रवेशद्वारासमोर झाल्या. जळत्या टायरांच्या धुराने ते पांढरे खांब काळे पडले. आंदोलकांपैकी पहिले मृत्यू याच रस्त्यावर झाले. त्या आठवड्यांत जगभर छापल्या गेलेल्या, बर्फ आणि धुराच्या लोटांच्या छायाचित्रांत पार्श्वभूमीला दिसणारी कमान या स्टेडियमची आहे. 20 फेब्रुवारीला डायनामोचा व्हॅलेन्सियाविरुद्धचा युरोपा लीगचा घरचा सामना होता. तो सायप्रसमधील निकोसियाला हलवावा लागला आणि डायनामोने तो 0-2 असा गमावला.

24 फेब्रुवारी 2022 च्या रशियन आक्रमणानंतर दोन्ही मैदानांच्या भूमिका पुन्हा बदलल्या. 2011 नंतर डायनामोने लीगचे सामनेही मोठ्या स्टेडियमवर नेले होते. आक्रमणानंतर लीग 23 ऑगस्ट 2022 रोजी पुन्हा सुरू झाली ती ऑलिम्पिस्कीवर, शाख्तार आणि ‘मेतालिस्ट 1925’ या दोन क्लबांच्या गोलशून्य सामन्याने, एकही प्रेक्षक नसताना. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळाडूंनी निवाऱ्यात जायचे आणि धोका टळल्यावर पुन्हा खेळायचे, हा नियम झाला. प्रेक्षकांना नंतर परवानगी मिळाली ती जवळच्या निवाऱ्यात किती माणसे मावतात त्या हिशोबाने. अशा परिस्थितीत 70 हजारांच्या रिकाम्या वाडग्यापेक्षा लहान मैदान सोयीचे, म्हणून डायनामो आपल्या लीगच्या सामन्यांसाठी बहुतांशी लोबानोव्स्की स्टेडियमकडे परतला. युरोपीय स्पर्धांतील ‘घरचे’ सामने मात्र देशाबाहेर खेळावे लागतात. त्यासाठी डायनामो पोलंडमधील लुब्लिन आणि जर्मनीतील हॅम्बुर्ग इथे गेला आहे. त्यामुळे या वर्षांच्या निकालपत्रकात डायनामो यजमान दिसला तरी सामना कीवमध्ये झाला असे गृहीत धरता येत नाही.

शेवटी एक सावधगिरी. युक्रेनमध्ये स्टेडियमांची नावे बहुधा सोव्हिएत क्रीडासंघटनांवरून पडली, म्हणून ती शहरोशहरी पुन्हा पुन्हा आढळतात. अव्हानहार्द नावाची स्टेडियमे लुत्स्क, रिव्हने, उझ्होरोद आणि लुहान्स्क अशा अनेक ठिकाणी आहेत. ऑलिम्पिस्की हे नावही एकट्या कीवचे नाही. दोनेत्स्कमध्येही ऑलिम्पिस्की नावाचे क्रीडा संकुल आहे, आणि ऑगस्ट 2009 मध्ये दोनबास अरेना उघडेपर्यंत शाख्तार तिथे खेळत असे. 2014 पासून शाख्तारला दोनेत्स्क सोडून ल्विव्ह, खार्किव्ह आणि कीव या शहरांत आसरा घ्यावा लागला आहे, आणि त्यातल्या कीवच्या मुक्कामात त्याचे यजमान मैदान पुन्हा ऑलिम्पिस्की नावाचेच होते. 2009 आधीच्या शाख्तारच्या बातमीत ते नाव आले तर ते दोनेत्स्कचे समजावे, आणि 2020 नंतरच्या बातमीत आले तर कीवचे.