कार्ने असादा टाको

मेक्सिकोच्या उत्तरेकडील राज्यांतला पदार्थ. गोमांसाचे पातळ काप लाकडी कोळशाच्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून भाजतात, त्यांचे बारीक तुकडे करतात आणि गरम तोर्तियात, म्हणजे मका किंवा गव्हाच्या लहान पोळीत, घालून हातानेच खातात. स्पॅनिशमध्ये ‘कार्ने’ म्हणजे मांस आणि ‘असादा’ म्हणजे भाजलेले. पण सोनोरा, चिवावा, नुएवो लेओन, सिनालोआ आणि बाहा कॅलिफोर्निया या राज्यांत हे नाव पदार्थापुरते राहत नाही. ‘रविवारी आमच्याकडे कार्ने असादा आहे’ हे बोलावणे असते. आपल्याकडे ‘हुर्ड्याला या’ म्हटल्यावर कोणी फक्त ज्वारीचे दाणे समजत नाही, तसेच हे. अंगणात शेगडी पेटते, एक जण चिमटा घेऊन आगीजवळ उभा राहतो (त्याला ‘असादोर’ म्हणतात), बाकीचे गप्पा मारत ताटे मांडतात आणि जेवण तीन-चार तास चालते.

मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर उभ्या सळईवर फिरणारे डुकराचे मांस, ‘अल पास्तोर’, जास्त दिसते. ती पद्धत लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या शावर्म्यातून आली. कार्ने असादा उत्तरेची, आणि त्यामागे तिथली जमीन आहे. गाई-बैल अमेरिका खंडात मुळी नव्हतेच. 1521 मध्ये तेनोच्तित्लान ही अ‍ॅझ्टेकांची राजधानी पडल्यानंतर स्पॅनिश लोकांनी ते मेक्सिकोत आणले. पाऊस कमी, वस्ती विरळ आणि चराईला मोकळी राने अफाट असलेल्या उत्तरेत गुरे भराभर वाढली. गहूही स्पॅनिशांबरोबरच आला. सोनोराच्या बाजूला जेझुइट मिशनऱ्यांनी त्याची शेती पसरवली. त्यांपैकी एउसेबियो किनो हे 1687 मध्ये या भागात पोचले. म्हणून दक्षिणेत मक्याची तोर्तिया आणि उत्तरेत गव्हाची, असा ढोबळ भेद आजही दिसतो. ‘टाको’ या शब्दाचे मूळ मात्र वादाचे आहे. चांदीच्या खाणींत खडक फोडायला कागदात गुंडाळलेली दारूची नळकांडी वापरत, त्यांना ‘टाको’ म्हणत आणि खाण्याच्या गुंडाळीला त्यावरून नाव पडले, हे एक मत बरेच प्रचलित आहे. तळून कडक केलेले, घडी घातलेल्या पापडासारखे टाको ही अमेरिकी उपाहारगृहांनी जगभर नेलेली गोष्ट. कार्ने असादाचा टाको मऊ असतो.

मांस निवडताना ‘अराचेरा’ हा शब्द सर्वांत आधी ऐकू येतो. तो जनावराच्या श्वासपटलाचा भाग : लांबट, पातळ, ठसठशीत धाग्यांचा आणि चरबीची नक्षी असलेला. हा स्नायू आयुष्यभर काम करतो, त्यामुळे चवीला दमदार आणि चावायला चिवट. टेक्सासमधले ‘फाहिता’ याच भागाचे. ‘फाहा’ म्हणजे पट्टा, आणि हे मांस खरोखर पट्ट्यासारखे दिसते. सोनोरात खांद्याजवळचा ‘दिएस्मिल्यो’ हा स्वस्त भागही सर्रास वापरतात. घरी करणाऱ्याने महागड्या जाड स्टेकच्या मागे लागू नये. जाड तुकडा आतून गुलाबी ठेवून काटा-सुरीने खायचा असतो. टाकोला पाव ते अर्धा इंच जाडीचा काप हवा, कारण इथे भाजलेला पृष्ठभागच चव देतो, आणि काप पातळ असेल तितका तो प्रमाणात जास्त मिळतो. एक किलो मांसात साधारण 15 टाको होतात.

मुरवण्याबद्दल उत्तरेतच दोन तट आहेत. सोनोरातले जुने लोक खड्याच्या मिठापलीकडे काही लावत नाहीत, आणि मांस चांगले असेल तर त्यांचे म्हणणे खरे आहे. इतर ठिकाणी आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन घरांत लिंबाचा रस, संत्र्याचा रस, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, थोडे तेल, कधी बिअर असे मिश्रण लावतात. सोया सॉस पाहून नाक मुरडू नये, तोही अनेक घरांत पडतो. एक किलोला चार लिंबे, एक संत्रे आणि सहा-सात पाकळ्या लसूण पुरे. पातळ कापांना एक ते दोन तास बास. आंबट रसात रात्रभर ठेवले तर वरचा थर शिजल्यासारखा पांढरट होतो आणि खाताना पिठूळ लागतो. जिरेपूड घालण्याची चाल टेक्सासकडची. घातली तर बिघडत काही नाही, पण मग उत्तर मेक्सिकोचा साधेपणा जातो आणि मराठी माणसाला ती चव लगेच ओळखीची वाटू लागते.

मुरवलेले काप जाळीवर टाकण्यापूर्वी कोरडे पुसणे ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच फसतात. मांस तपकिरी होऊन खमंग वास सुटतो तो मायार अभिक्रियेमुळे. साधारण 140 अंश सेल्सियसच्या वर ती वेग घेते. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तापमान 100 अंशांपाशी अडून राहते आणि मांस भाजण्याऐवजी वाफवले जाते. निखारे राखेचा पांढरा थर धरेपर्यंत थांबावे, जाळी कडक तापू द्यावी, मग काप टाकून दोन-तीन मिनिटे हात लावू नये. उलटून पुन्हा तेवढाच वेळ. वितळलेली चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, तिचा धूर वर येऊन मांसाला चिकटतो, आणि गॅसवरच्या तव्यात हेच नेमके मिळत नाही. सोनोरात कोळसा मेस्किटचा असतो. आपल्याकडे पडीक रानात आणि रेल्वेच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ ही त्या मेस्किटचीच जवळची नातलग, अमेरिका खंडातून आलेली. तिचाही कोळसा पाडतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवावा, खिडक्या उघडाव्यात आणि एका वेळी दोनच काप टाकावेत. तवा भरला की तो थंड पडतो आणि मांसाला पाणी सुटते. तूप टाकलेल्या निखाऱ्याचा धुंगार देऊन पाहणारे आहेत. वास छान येतो, पण तो कबाबाचा.

उत्तरेत मांस पूर्ण किंवा पाऊण शिजलेले मागतात. रसरशीत लालपणाचे आकर्षण तिथे कमी. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला गोमांसाच्या अखंड तुकड्यासाठी 63 अंश सेल्सियस आणि नंतर तीन मिनिटे विश्रांती असा आहे. पातळ काप इतक्या झटपट शिजतात की तापमापक घालायला जागाही मिळत नाही. भाजून झाल्यावर पाच मिनिटे तसेच ठेवावेत, म्हणजे कापताना रस पाटावर वाहून जात नाही. मग सुरी धाग्यांना आडवी चालवायची. अराचेराचे धागे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. त्यांच्या दिशेने कापले तर घासात दोरे येतात, आडवे कापले तर तेच मांस मऊ लागते. टाकेरीत, म्हणजे टाकोच्या दुकानात, झाडाच्या ओंडक्यावर जड सुऱ्याने खटाखट तुकडे करतात. घरी एक सेंटिमीटरचे चौकोन पुरतात.

आता तोर्तिया. मांसावर लोक दोन दिवस विचार करतात आणि तोर्तिया पाकिटातली थंडगार वाढतात. हा उलटा न्याय आहे. मक्याची खरी तोर्तिया साध्या मक्याच्या पिठाची होत नाही. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, धुऊन ओलाच वाटतात. याला ‘निश्तमाल’ म्हणतात. हा शब्द अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला, ‘नेश्त्ली’ (राख) आणि ‘तमाली’ (मक्याचे मळलेले पीठ) यांपासून झालेला. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात अडकून बसलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. मका युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गेला तेव्हा ही चुन्याची रीत मागे राहिली, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. घरी करायचे तर एक किलो वाळला मका, दहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घ्यावे. पाऊण तास मंद उकळावे, आठ-दहा तास तसेच झाकून ठेवावे आणि चोळून धुवावे. जुन्या मेक्सिकन घरांत मग ‘मेताते’वर वाटत. मेताते म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाचा पाटा, आणि वरवंटाही तसाच. आता गिरणी आहे, किंवा तयार पीठ. हे कोरडे पीठ विकणारी ग्रुमा कंपनी 1949 मध्ये नुएवो लेओनमधल्या सेराल्वो गावी सुरू झाली.

आपले बाजारातले मक्याचे पीठ चुन्यातून गेलेले नसते. त्याची भाकरी थापता येते, पण तोर्तिया घडी घातली की मधोमध फाटते. निश्तमालाच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुऱ्या दाबायच्या यंत्रात दाबला की 10 ते 12 सेंटिमीटरची तोर्तिया होते. कोरड्या तापल्या तव्यावर (तिकडे ‘कोमाल’) अर्धा मिनिट, उलटून एक मिनिट, पुन्हा उलटल्यावर फुगली की जमली. लगेच कापडात गुंडाळून ठेवायची. तोर्तिया आपल्याच वाफेत मऊ होते, आणि भाकरी करणाऱ्या हाताला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

सोनोराची गव्हाची तोर्तिया वेगळीच चीज आहे. ‘सोबाकेरा’ नावाची तिथली मोठी, जवळजवळ पारदर्शक पोळी हातांवर फिरवत, ताणत वाढवतात आणि घुमटासारख्या उपड्या तव्यावर भाजतात. ‘सोबाको’ म्हणजे बगल, पोळी तिथवर ताणली जाते म्हणून हे नाव पडले असे सांगतात. खानदेशात हातावर मांडे फिरवून खापरावर टाकणाऱ्या बाईला हे दृश्य परके वाटणार नाही. फक्त आत पुरण नसते.

महाराष्ट्रात हे मांस कोणते वापरावे, हा प्रश्न चवीआधी कायद्याचा आहे. 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यातली 1995 ची दुरुस्ती 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर लागू झाली, आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गीय जनावरांना ती लागू नाही. त्यांचे मांस गडद आणि कमी चरबीचे असते. खाटकाकडून ‘अंडरकट’ मागितला तर चिवटपणाचा प्रश्न सुटतो, मात्र चरबी नसल्याने तेल थोडे जास्त लावावे. कच्च्या पपईचा लगदा लावणार असाल तर अर्ध्या तासावर नको. पपईतले पपेन मांसाचा भुगा करते. ह्यूस्टन किंवा सान होसेच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना हा शोध घ्यावा लागत नाही. तिथल्या मेक्सिकन दुकानात अराचेरा मागितल्यावर पातळ कापूनच मिळतो. गोमांस न खाणाऱ्यांनी कोंबडीच्या तंगडीचे हाड काढलेले मांस याच रीतीने भाजावे. त्याला ‘पोयो असादो’ म्हणतात आणि उत्तरेत तेही तितकेच घरगुती आहे.

वरून घालायचे ते थोडके. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ, लिंबू. तिकडचे बारके, पातळ सालीचे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच, एकाच जातीचे. ते आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेले. मिरची उलट दिशेने, पोर्तुगिजांच्या जहाजांतून, गोव्याला उतरली. हिरव्या साल्साला ‘तोमातियो’ लागतो. पातळ वेष्टनातले हे हिरवे आंबट फळ आपल्या रसभरीची आणि बांधावरच्या चिरबोटीची बहीण. न मिळाल्यास कच्चे हिरवे टोमॅटो मिरची आणि लसणासह तव्यावर काळपट डाग पडेपर्यंत भाजून ‘मोल्काहेते’त, म्हणजे तीन पायांच्या दगडी खलात, ठेचावेत. मिक्सरमध्ये त्याची चटणी न होता सरबत होते. बाहा कॅलिफोर्नियातल्या तिहुआनाच्या टाकोवर ग्वाकामोलेचा, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोच्या ठेच्याचा, भलामोठा गोळा असतो. सोनोरात ताटाशेजारी कोबी, काकडी, मुळा आणि ‘चिल्तेपिन’ या वाटाण्याहून लहान रानमिरचीची वाटी येते. ती बोटांनी चुरडून घालतात आणि त्यानंतर डोळ्याला हात लावायचा नसतो. किसलेले पिवळे चीज आणि आंबट साय ही अमेरिकी साखळी-उपाहारगृहांची सवय.

मांस संपत आले की जाळीवर पातीचे कांदे अख्खे ठेवतात, पाती करपेपर्यंत. हिरव्या मिरच्याही साल फुटेपर्यंत भाजून मीठ-लिंबात टाकतात. त्यानंतर निखाऱ्यांत जेमतेम धग उरते. तेव्हा उरलेल्या तोर्तियांत चीज भरून त्या मुलांसाठी जाळीच्या कडेला लावून ठेवायच्या. असादोर बहुतेक त्याच वेळी पहिल्यांदा खुर्चीवर बसतो.