पुरात गोळ्या वाहून गेल्या, मग?

कृष्णेला महापूर आला की शाळांच्या वर्गांत छावण्या पडतात. भाकरी येते, चादरी येतात, बिस्किटांचे पुडे येतात. दोन-तीन दिवसांनी समुपदेशन करणारी मंडळीही येतात आणि जो रडतोय त्याच्याजवळ जाऊन बसतात. त्यात गैर काही नाही. पण ज्याला खरी तातडी आहे तो माणूस पुष्कळदा रडत नसतो. तो भिंतीला टेकून गप्प बसलेला असतो, कारण त्याची गोळ्यांची पिशवी घरासोबत पाण्याखाली गेलेली असते.

त्याच्यापाशी वेळ किती असतो? फिटची गोळी अचानक बंद झाली तर काही दिवसांतच पुन्हा आकडी येऊ शकते; कधी एकीमागून एक येत राहते आणि थांबतच नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला पुरात ती मिळेनाशी झाली की पहिल्या दिवशी हात थरथरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागतो, नसलेली माणसं त्याला दिसतात. ‘पुराचा डोक्यावर परिणाम झाला’ असं आजूबाजूचे म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर तो दगावूही शकतो. लिथियमची गंमत आणखी वेगळी. बायपोलर म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य येणाऱ्या आजारावरची ही गोळी पुरातून वाचली तरी धोका टळत नाही. दूषित पाण्याने जुलाब लागले, अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं कमी करतात. मग नेहमीचाच डोस रक्तात साठून विषारी ठरतो.

बाहेरगावाहून आलेल्या स्वयंसेवकाला, तो कितीही कनवाळू असला तरी, यातलं काही दिसणार नाही. गावातली कोणती माणसं कोणत्या गोळीवर आहेत हे आधीपासून माहीत असणाऱ्यालाच ते दिसेल.

आपल्या देशाने हा धडा भोपाळमध्ये घेतला. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री वायुगळती झाली. डोळे आणि फुप्फुसं यांच्यावर उपचार लगेच सुरू झाले, मनाकडे लक्ष जायला मात्र 1985 चा फेब्रुवारी उजाडला. लखनौहून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पथकाने वायुग्रस्त वस्त्यांमधल्या दहा दवाखान्यांत साध्या प्रश्नावलीने 855 रुग्णांची चाळणी केली. त्यांतल्या 193 जणांना, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ 23 जणांना, मनोविकार असल्याचं निदान झालं. बहुतेक बायका होत्या आणि मुख्य आजार नैराश्य व चिंतेचे होते. हे सगळे खोकला नाहीतर धाप लागते म्हणून दवाखान्यात आलेले लोक होते. ‘मन थाऱ्यावर नाही’ म्हणून रांगेत कोण उभं राहतं?

इतक्या लोकांना पुरतील एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? तेव्हा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांच्यासारख्यांनी उलटा विचार केला. त्या दवाखान्यांत आधीपासून काम करणाऱ्या सुमारे 50 वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनोविकार ओळखायला आणि त्यांवर उपचार करायला शिकवलं, त्यांच्यासाठी पुस्तिका तयार केली. माझ्या मते भोपाळमधली ही सर्वात हुशारीची गोष्ट. वाईट एवढंच की ती दुर्घटनेनंतर चार महिन्यांनी झाली.

मध्यंतरी जगभर एक वेगळीच पद्धत रुळली होती: आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून काय घडलं ते एकदा सविस्तर बोलायला लावायचं, म्हणजे मन मोकळं होईल. पुढे चाचण्या एकत्र करून तपासल्यावर या एका बैठकीने काही फायदा होत नसल्याचं दिसलं. काहींना तर त्रासच जास्त झाला. म्हणून आता सुचवला जातो तो मानसिक प्रथमोपचार. यात आधी पाणी, पांघरूण आणि बेपत्ता नातलगांची खबर मिळवून द्यायची. माणूस बोलला तर ऐकायचं, उकरून काढायचं नाही.

जपानला दुसरी बाजू, म्हणजे आधीपासूनच आजारी असलेल्यांची, फार कठोरपणे कळली. मार्च 2011 च्या भूकंपानंतर फुकुशिमा अणुकेंद्राजवळचं फुताबा हे मनोरुग्णालय रिकामं करावं लागलं. अंथरुणाला खिळलेले वृद्ध रुग्ण कित्येक तास बसमधून हिंडत राहिले. ते रुग्णालय आणि त्याला जोडलेलं वृद्धांचं निवासस्थान मिळून 44 जण या हलवाहलवीत दगावल्याचं पुढे खटल्यात मांडलं गेलं. दोनच वर्षांनी, 2013 मध्ये, जपानने आपत्तीत धावून जाणारी खास मानसोपचार पथकं उभी केली. पथकात डॉक्टर असतो, परिचारिका असते आणि तिसरा माणूस फक्त गाडी, संपर्क आणि जेवणखाण सांभाळणारा. हा तिसरा मला फार आवडतो. 2016 मध्ये कुमामोतोला भूकंप झाला तेव्हा मोडकळीला आलेल्या मनोरुग्णालयांतून शेकडो रुग्णांना दुसरीकडे हलवण्याचं मोठं काम या पथकांनीच केलं.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, 2009 पासून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. पण टॉवर बंद पडल्यावर फोन उपयोगाचा नाही आणि सूचना कागदावर. मला वाटतं, काम मे महिन्यात करायला हवं. नदीकाठच्या गावांतल्या फिटच्या आणि मनोविकारांच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना पावसाआधी पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात द्यायच्या, सोबत औषधाचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये. तेवढाच साठा उंचावरच्या उपकेंद्रात ठेवायचा.

यात एक अडचण आहे. कोणाच्या घरात कोणाला काय आजार आहे याची यादी गावात फुटली तर सोयरीक मोडते, काम जातं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. म्हणून नावं आरोग्य केंद्रातच राहावीत, तहसीलदारांकडे फक्त आकडा जावा: अमुक गावासाठी फिटच्या गोळ्या इतक्या, लिथियमवरचे रुग्ण इतके, अमुक शाळेत पोचवायच्या.